युनिट विकले, खरेदीची किंमत कोणती धरावी?

विवरणपत्रे भरण्याच्या दिवसांत रत्नागिरीच्या रामआळीतील एक व्यापारी स्नेही मसुदा घेऊन माझ्याकडे आले. शेअर बाजारात नोंदलेल्या एका रीटचे २,००० युनिट त्यांनी ३०० रुपयांनी घेऊन दोन वर्षांनंतर ३८० रुपयांनी विकले होते. नफा मांडला होता १,६०,००० रुपये. वहीप्रमाणे हिशेब चोख होता. कायद्याप्रमाणे मात्र अपुरा.

रीट किंवा इन्व्हिट जे वाटप करते, त्यात व्याज व लाभांशाबरोबर कर्जपरतफेडीचाही भाग असतो. तो हाती येताना बहुधा करपात्र नसतो; परंतु २०२३ च्या वित्त कायद्यापासून तेवढ्याने युनिटची खरेदी किंमत घटते. स्नेह्यांना असे युनिटमागे २० रुपये मिळाले होते. म्हणजे किंमत २८० आणि नफा २,००,०००. २३ जुलै २०२४ पासून, बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या अशा युनिटांच्या नफ्यावर १,२५,००० रुपयांपलीकडे साडेबारा टक्के कर आहे. फरक पडला ५,००० रुपयांचा, उपकर वेगळा.

पासबुकातील जमेवरून रकमेचे स्वरूप कळत नाही. म्हणून ट्रस्टकडून दरवर्षी येणारे वाटपाचे विवरण युनिट विकेपर्यंत जपून ठेवावे. स्नेह्यांनी आकडा दुरुस्त करूनच विवरणपत्र भरले.