कंबरेला कोणतं पिस्तूल?

सोलापूरच्या सोरेगावात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. तासन्‌तास बंदोबस्तावर उभं राहणाऱ्याला कंबरेचं प्रत्येक ग्रॅम जाणवतं.

आपल्या पोलिसांच्या ओळखीचं ९ मिमी पिस्तूल ईशापूरच्या कारखान्यातलं. मूळ घडण १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची, सांगाडा पोलादी, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. एनएसजी कमांडोंकडचं ग्लॉक १७ ऑस्ट्रियाचं; सांगाडा पॉलिमरचा, म्हणून हलका, गोळ्या १७. काडतूस दोन्हींचं एकच, ९ बाय १९.

खरा फरक चापात आहे. ईशापूरच्या पिस्तुलात चाप फक्त ताणलेला घोडा सोडतो. घोडा खाली असेल, तर कितीही ओढा, गोळी सुटत नाही. तो आधी अंगठ्यानं किंवा स्लाइड ओढून मागे न्यावा लागतो. ऐन प्रसंगी थरथरत्या हाताला हे काम जड, असं मला वाटतं. ग्लॉकला बाहेर घोडाच नाही. आतली स्प्रिंग अर्धवट ताणलेली असते; उरलेला ताण चाप देतो आणि सोडतो. मात्र अंगठ्यानं लावायचा सेफ्टी खटकाही नाही, त्यामुळे नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेरच हवं. माझा कौल ग्लॉकला, पण भरपूर सराव असलेल्या हातातच.

वजनाचा हिशेब मात्र उलटाही फिरतो: गोळी तीच, शस्त्र हलकं, म्हणून ते मागे उसळतं जास्त वेगानं.