दोघांचा प्रवास, दोन पुरचुंड्या

जोडीने प्रवासाला निघायचे म्हणजे आपल्या घरांत कामाची वाटणी ठरलेली असते. डबा, पांघरुणे नि मुलांचे कपडे हे बाईसाहेबांचे खाते. तिकिटे, ओळखपत्रे, पासपोर्ट हे साहेबांचे. सगळे कागद एका पाकिटात आणि पाकीट एकाच खिशात! नवरा बरोबर असताना बायकोला वेगळे कागद हवेत कशाला, असा त्यामागचा हिशेब. तो कुठे फसतो हे पाहायचे असेल, तर दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडे जावे.

भात-नागलीची कामे उरकली, की पालघर जिल्ह्यातल्या या डोंगराळ तालुक्यांतून वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. ते निघणे मी पाहिले आहे. डोक्यावर बोचके, काखेत पोर, हातात पातेली. घरच उचललेले असते म्हणा ना! परतायचे ते पावसाच्या तोंडावर. माती कालवायला नि विटा पाडायला नवराबायको दोघेही लागतात, आणि आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या घामातून फिटते.

या प्रवासाला पासपोर्ट लागत नाही. पण आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि पोराच्या लसींचे कार्ड लागते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या सोयीमुळे भट्टीजवळच्या रेशन दुकानात पत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक सांगून, यंत्रावर बोट टेकवून धान्य घेता येते. काही धान्य तिथे घ्यावे नि उरलेले गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उचलावे, असेही चालते. परंतु कागद नवऱ्याच्या खिशात आणि नवरा बाजाराला गेलेला, अशा वेळी बायकोने दुकानात सांगायचे काय? तिला अचानक दवाखान्यात न्यावे लागले तर? पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पैसे तर आईच्याच खात्यात जमा होतात. त्या खात्याचे पासबुक दुसऱ्याच्या खिशात असून कसे भागावे?

म्हणून पुरचुंड्या दोन हव्यात. ज्याचे कागद त्याच्याजवळ, आणि जोडीदाराच्या कागदांच्या झेरॉक्सही त्यातच. बाळाचे कार्ड आईकडे. भट्टीवर माती नि पाणी सदाचेच, तेव्हा वर प्लॅस्टिकची पिशवी. शिधापत्रिकेचा क्रमांक दोघांनाही पाठ हवा. पाठ असलेला आकडा भिजत नाही की चोरीला जात नाही. वनजमिनीचा पट्टा मात्र गावीच विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहिताचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो, हेही बाईला ठाऊक असावे. आणि उचलीच्या बदल्यात मूळ कागद कुणाकडे तारण ठेवू नयेत. कर्जापायी माणूस बांधून ठेवण्याची वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे; कागद अडकला, की माणूसही अडकतो.

आपल्या सहलींनाही हाच नियम लावावा. परमुलखात एकाचे पाकीट मारले गेले, तर दुसऱ्याजवळ दोघांची ओळख शिल्लक राहते. गर्दीत ताटातूट झाली, तरी बाई आपल्या नावानिशी घरी परतू शकते. तेव्हा यंदा बॅगा भरताना साहेबांनी एक पाकीट बाईसाहेबांच्या हाती द्यावे, आणि बाईसाहेबांनी ते उघडून आत काय आहे ते वाचूनही घ्यावे.