भिंत टिकते ती निगेवर

भरवेली म्हटलं की मॅंगनीजची खाण आठवते, आणि ते रास्तच आहे. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटचा वारसा १९६२ मध्ये आजच्या मॉईल या सरकारी कंपनीकडे आला आणि भरवेलीची खाण ही तिच्या प्रमुख खाणींपैकी एक. पण खाणीची वसाहत मागे टाकली की मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या धानपट्ट्यात घराचा एक वेगळाच नमुना भेटतो. जाड मातीच्या भिंती, पुढे सपरी म्हणजे ओसरी, आत अंगण, बाजूला गुरांचा कोठा आणि वर देशी कवेलूंचं छप्पर. सरकारी मोजणीत मातीच्या भिंतीचं घर ‘कच्चं’ ठरतं. ही मोजणीच मुळात अपुरी आहे. साहित्य किती कडक आहे एवढ्यावर घर टिकत नाही. भिंत ओल बाहेर सोडते का आणि बिघडलेला भाग गावातल्या हातांना बदलता येतो का, यावर ते टिकतं. याचा पक्का पुरावा हजारो मैलांवर, इंग्लंडच्या जुन्या शेतघरांत आहे.

आधी घरचं घर पाहू. भिंतीची माती भिजवून, तीत तणस घालून पायांनी तुडवतात आणि हातभर उंचीचा एकेक थर चढवतात. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा बसत नाही, त्यामुळे भिंत उभी राहायला घाईचा उपयोग नसतो. कवेलूची कृती तर पाहण्यासारखी. कुंभार चाकावर एका तोंडाला निमुळती नळी ओढतो, ती थोडी सुकली की उभी चिरून तिचे दोन अर्धगोल करतो आणि मग भाजतो. छपरावर बांबूच्या कामट्यांवर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. खिळा नाही, चुना नाही. माकडाच्या उडीने चार कवेलू फुटले तर तेवढेच बदलायचे. मृगाआधी छप्पर फेरायचं, सणावाराला भिंती छुईने, म्हणजे पांढऱ्या मातीने पोतारायच्या. ही कामं घराच्या रचनेतच धरलेली असतात. छपराची पुढे काढलेली वळचण आणि खालचा दगडी ओटा पावसाला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत.

आता इंग्लंड. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ च्या लेखात मांडलं, की साधारण १५७० ते १६४० या काळात तिथल्या खेड्यांतली घरं मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधली गेली. नॉरफोक, सफोकसारख्या भागांत बांधकामाजोगा दगड कमी आणि चिकणमाती मुबलक, म्हणून पुढे शेतकऱ्यांनीही वीट उचलली. कित्येक ठिकाणी जुना लाकडी सांगाडा तसाच ठेवून समोर विटांचा दर्शनी भाग चढवला. या भिंतींची वीट मऊ भाजणीची आणि सांधा चुन्याचा. चुना विटेहून मऊ, म्हणून ओल सांध्यातून बाहेर पडते, झिजतो तो सांधा आणि काही दशकांनी पुन्हा भरता येतो. विसाव्या शतकात हेच सांधे अनेक घरांत सिमेंटने भरले गेले. सिमेंटने ओल आत कोंडली, थंडीत ती गोठली आणि विटांचे पापुद्रे सुटू लागले. मजबुतीसाठी केलेल्या कामानेच भिंत खाल्ली. आपल्याकडे मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की हेच घडतं. हिमाची गरजही नसते. ओट्यातून चढलेली ओल गिलाव्यामागे साचते, माती भुसभुशीत होते आणि गिलावा पोकळ वाजू लागतो.

यावर कुणी म्हणेल, वीट ती वीट आणि माती ती माती. पण डेव्हनमधलं हेज बार्टन हे सर वॉल्टर रॅलेचं जन्मस्थान मानलं जाणारं सोळाव्या शतकातलं शेतघर मातीच्याच भिंतींचं आहे आणि आजही उभं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उरली ती ऐपतदारांची घरं, मजुरांच्या झोपड्या केव्हाच गेल्या. हे खरंच आहे. पण त्यातूनही निघतं ते हेच, की ज्यांना निगा परवडली त्यांची घरं राहिली. तिसरा आक्षेप पुराचा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने काठावरच्या मातीच्या घरांचं मोठं नुकसान केलं. पूररेषेत मातीची भिंत उभारू नये, आणि इतरत्रही पायथ्याचे थर दगड-विटांचे, चुन्यात बांधलेले असावेत, हे मान्य करायलाच हवं. चौथा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. पोतारण्या-सारवण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याला येतात. म्हणून स्लॅबचं घर मागणाऱ्या बाईला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार कुणालाच नाही. उपाय आहे तो या कामाला मजुरी आणि कारागिरीचा मान देण्याचा.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. बनावट जीर्णोद्धारापेक्षा नेमाची निगा बरी, हा तिचा आग्रह. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जुन्या इमारतींची कायदेशीर यादी झाली आणि साधी शेतघरंही तीत आली. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. ही मदत हवीच. पण सुस्थितीतलं मातीचं घर पाडण्याऐवजी त्याचा पायथा, छप्पर आणि चुन्याचा गिलावा यांवरही ती खर्च करता यायला हवी. तोवर ज्यांच्याकडे असं घर आहे, त्यांनी एवढं तरी पाळावं: मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नये, आणि कवेलू घडवणारा कुंभार गावात असेल तर यंदाची मागणी त्याच्याकडेच नोंदवावी.