शिबिर संपल्यावर काय?

पुण्यतिथी असो, वाढदिवस असो की गणेशोत्सव, मोफत आरोग्य शिबिर घेण्याची प्रथा आता आपल्याकडे चांगली रुजली आहे. मंडप पडतो, दीपप्रज्वलन होते, दोनशे-तीनशे लोकांचा रक्तदाब मोजला जातो आणि आठ दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून मिळतात. हेतू चांगला असतो. आम्ही डॉक्टर मंडळीही हौसेने जातो. पण पाच-सहा महिन्यांनी त्याच गावचा रुग्ण दवाखान्यात येतो आणि खिशातून घडी पडलेली चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवर रक्तदाब १८०/११०. गोळ्या चालू आहेत का, असे विचारले तर उत्तर ठरलेले : "संपल्या तेव्हा बंद केल्या. बरं वाटत होतं."

त्याचा दोष मी रुग्णाला देत नाही. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. गोळी बंद केली तरी लगेच काही होत नाही. होते ते पुढे, आणि एकदम : पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे. शिवाय रक्तदाब थोडासाच वाढलेला असेल तर एका मोजणीवर निदान पक्के होत नाही, तो वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा लागतो. म्हणजे सेवाभावी संस्थेचे खरे काम मंडप सोडल्यानंतर सुरू होते आणि त्यासाठी गावाशी जिव्हाळ्याचे नाते लागते. ते कसे जुळते, हे आपल्याच महाराष्ट्रातील दोन संस्थांनी दाखवून दिले आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० साली जामखेडला आले (जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर). पाठोपाठ दुष्काळ पडला. लोकांपुढे प्रश्न पाण्याचा आणि पोटाचा होता. तेव्हा आरोग्याची व्याख्याने देत न बसता त्यांनी आधी पिण्याचे पाणी आणि मुलांचे जेवण यांकडे लक्ष दिले. वैद्यकीय दृष्टीनेही ते अगदी बरोबर होते, कारण घाण पाणी आणि उपासमार असताना जुलाबाच्या औषधाने किती फरक पडणार? गावातील पुरुषांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी सभा बोलावल्या नाहीत, व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात केली! खेळानंतरच्या गप्पांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. हातपंपांच्या जागा दलित वस्तीत निघतील, अशी काळजी घेतली गेली. पाण्यासाठी सगळ्यांना तिथे जावेच लागले.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीला शिकलेल्या नर्सेस गावात पाठवून पाहिल्या, पण ते जमले नाही. मग गावाने आपल्यातलीच एखादी बाई निवडावी, असे ठरले. निवडलेल्यांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्यांना नियमितपणे जामखेडला बोलावून शिकवले गेले. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखर-पाणी हे सारे त्यांनी आत्मसात केले. गावची बाई रात्री-अपरात्रीही हाकेच्या अंतरावर असते आणि तिच्यापाशी बोलताना संकोच वाटत नाही. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाईकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, अशा तक्रारी पुढे आल्या. म्हणून दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या रूपात बांधला, नातेवाईकांच्या राहण्याची सोय केली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. पुढे ३९ गावांतील आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरीच तपासणी आणि जंतुसंसर्गावर उपचार शिकवले. इतर गावांच्या तुलनेत तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाला. बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याचे काम २०११ पासून देशभरातील आशाताई करतात, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

आपल्या तालुक्यातील मंडळांनी दवाखाने बांधावेत, असे मी म्हणत नाही. पण शिबिर ठरवण्यापूर्वी दोन संध्याकाळी गावात जाऊन बसायला काय हरकत आहे? पुरुष पारावर भेटतील. बायकांसाठी बचत गटाच्या बैठकीला जावे लागेल आणि तिथली उत्तरे वेगळी निघतील. तुम्ही नेत्रशिबिर योजलेले असते आणि बायका सांगतात की गुडघे दुखतात, शौचालयात पाणी नाही. हे ऐकून घेण्याची तयारी हवी. तारीख पाहुण्यांच्या सोयीने धरू नये. पेरणी-काढणीच्या दिवसांत घेतलेल्या शिबिराला फक्त म्हातारी माणसे येतात.

ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली आढळेल, त्यांची नावे त्यांच्या संमतीने आशाताईंकडे द्यावीत. ती यादी फलकावर मात्र लावू नये. मुलीचे लग्न ठरायचे असते, घरात वाद असतात. तीन महिन्यांनी कार्यकर्त्यांनी त्या घरी पुन्हा जावे आणि किती जणांच्या गोळ्या चालू आहेत ते मोजावे. वार्षिक अहवालात 'तीनशे जणांनी लाभ घेतला' याऐवजी हा आकडा छापला, तर वर्गणी देणाऱ्यांनाही काम कळेल.

ज्या वाचकांकडे अशी जुनी चिठ्ठी पडून असेल, त्यांनी ती घेऊन याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.