चारी बाजूंनी आवाज : सहा पेट्यांची जोडणी



आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी नाशकात १९१७ साली ‘लंकादहन’ तयार केला, तेव्हा पडदा मुका होता. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठीला बोलपट दिला. १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर आला, तेव्हा आवाज प्रेक्षकांच्या भोवती फिरू लागला. आज तीच करामत घरी डिस्क प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सहा पेट्यांवर साधते. पण जोडणी चुकली, तर कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढलेले पैसे धुरात जातात.

ही व्यवस्था ठिबकासारखी समजा. डिस्क ही विहीर, अ‍ॅम्प्लिफायर हा पंप आणि पेट्या म्हणजे शेवटच्या नळ्या. विहिरीतच नसेल ते पोहऱ्यात कोठून येणार? साध्या सीडीवर व व्हीसीडीवर डावा व उजवा असे दोनच आवाज असतात. डीव्हीडीच्या वेष्टणावर ‘५.१’ लिहिलेले असेल, तरच सहा वेगळे आवाज मिळतात. लग्नाच्या जुन्या डिस्क बहुधा दोन आवाजांच्याच असतात. घरात भजन, कीर्तन आणि लग्नाच्याच डिस्क लागत असतील, तर दोन चांगल्या पेट्या घ्या व उरलेले पैसे वाचवा.

जोडणीपूर्वी सर्व प्लग काढा. मग पुढील क्रमाने काम करा.

१) प्रथम पेट्यांच्या तारा जोडा. लाल खुणेची तार दोन्ही टोकांना लालवरच, काळी काळ्यावरच हवी. एक पेटी उलटी जोडली गेली, तर पेट्या एकमेकींचा आवाज खातात व बास पातळ होतो. पेटीवरची खूण पुसली असेल, तर ती अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या तारांना टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. पडदा बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लाल समजावी.

२) पेटीवरील ओहमचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरवरील आकड्याशी ताडून पाहा. आठ ओहमच्या दोन पेट्या एकाच जागी समांतर जोडल्या, की चारच ओहम उरतात. कमी ओहमला जास्त प्रवाह ओढला जातो व अ‍ॅम्प्लिफायर तापतो.

३) प्लेअरला मागे सहा पिनांची जागा असेल, तर सहाही तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या त्याच नावाच्या जागी लावा. नसेल, तर ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल अशी एकच तार पुरते. मात्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डॉल्बी वा डीटीएस उलगडण्याची सोय हवी आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ निवडलेले हवे. केवळ लाल-पांढऱ्या दोन तारांनी सहा वेगळे आवाज येत नाहीत. चित्राची तार स्वतंत्रपणे टीव्हीला जाते.

४) आवाजाचे बटण शून्यावर ठेवून वीज सुरू करा व आवाज हळूहळू वाढवा. डिस्कच्या यादीतून ५.१ चा पर्याय निवडावा.

मधली पेटी टीव्हीजवळ, दोन पुढे डावी-उजवीकडे कानाच्या उंचीवर, दोन बसण्याच्या जागेच्या बाजूला जरा मागे ठेवा. वूफर कोपऱ्यात ठेवल्यास जास्त घुमतो. घुमणे नको असेल, तर कोपऱ्यातून पुढे ओढा. रिकाम्या भिंतींमुळे आवाज कुंद वाटत असेल, तर समोरच्या भिंतीवर एक गोधडी टांगा; फरक लगेच कळेल.

शेतीपंपाच्या लाइनवरून ही यंत्रे कधीही चालवू नका. घरातील अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच चालवा. वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागण्यापूर्वीच प्लग काढून ठेवा. उघडी तार मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता शेजारधर्म. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई आहे, आणि वस्तीतील आवाजाची मर्यादा रात्री ४५ डेसिबल आहे. यंत्र घरात असले, तरी ओटीवरच्या म्हाताऱ्याची झोप आणि शेजारच्या मुलीचा अभ्यास मोलाचा आहे. आवाज आपल्या घराला पुरला, की जोडणी उत्तम झाली असे समजावे.