एसएमपीएसवर काटकसर नको

घरी गेमिंग कॉम्प्युटर जोडताना बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. प्रोसेसर ठरला की मदरबोर्डचं सॉकेट आपोआप ठरतं. एएमडीचं २०२२मध्ये आलेलं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ रॅमवर चालतं. जुन्या मशीनमधली डीडीआर४ त्यावर बसतच नाही. रॅम मात्र जोडीने घ्या. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८-८च्या दोन बऱ्या, कारण ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जाऊन वेग वाढतो.

खरी गफलत होते एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या युनिटमध्ये. आरटीएक्स ४०७० कार्ड एकटंच २०० वॅट खेचतं आणि एनव्हिडिया त्यासाठी किमान ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. खोक्यावरचा '८० प्लस' शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, म्हणजे प्लगमधून घेतलेली वीज किती कमी वाया जाते याचा. जादा व्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, ते वेगळं पाहावं लागतं. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस तर घेऊच नये: तो जळताना मदरबोर्ड आणि महागडं कार्डही सोबत नेऊ शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घासाघीस जरूर करा, पण जीएसटीचं पक्कं बिल सोडू नका. वॉरंटी मागताना तेच दाखवावं लागतं.