व्यायामशिक्षकाची परीक्षा

तालमीतला वस्ताद पूर्वी परीक्षा देऊन वस्ताद होत नसे. आखाड्याची माती हीच त्याची शाळा. कोणत्या पठ्ठ्याचा दम किती, हे तो वर्षांच्या सहवासाने ओळखी. आज नांदेड-लातूरच्या व्यायामशाळेत काल आलेला अनोळखी गृहस्थ आपला देह शिक्षकाच्या हाती सोपवतो. म्हणून प्रमाणपत्राची गरज.

अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेची अशी परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची असते. उमेदवार स्नायूंची नावे घोकतात. ती यावयासच हवीत. परंतु आमच्या मते खरी तयारी पुढेच आहे. चाळिशीच्या माणसाचे नाडीचे ठोके २२० वजा ४०, म्हणजे मिनिटास जास्तीत जास्त १८०, हे गणित कोणीही करील. पण ते सरासरीचे गणित. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मंदावते. तेथे ते फसते. यासाठी आधी विचारावे : कोणते औषध चालू आहे? जिना चढताना छातीत दुखते काय? दोघा उमेदवारांनी आळीपाळीने शिक्षक व शिष्य होऊन हे प्रश्न विचारण्याचा सराव करावा.

हृदय थांबल्यास छाती दाबण्याच्या शिक्षणाचा दाखलाही अशा परीक्षांना सहसा लागतो. मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात चालवूनच येते.

भार वाढवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मराठवाड्याच्या वैशाखात घामाघूम झालेल्या माणसाला ‘आज पुरे’ केव्हा म्हणावे, हे त्या वस्तादाला कळत होते. ज्या उमेदवाराला ते कळेल, तो उत्तीर्ण झाला असे आम्ही समजू.